खाली घ्यायचं का?

आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण एका वाक्यात संपतं: दर दोन तासांनी कूस बदला. उरलेल्या निम्म्याबद्दल मला अजूनही खात्री नाही, आणि त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

मी नर्स. नाशकातल्या एका मोठ्या दवाखान्यात उभा जन्म गेला. कुठल्या साली कुठला वॉर्ड, कधी बढती मिळाली, कोणत्या मेट्रननं मला छळलं, हे सगळं सर्व्हिस बुकात आहे (मेट्रनचं सोडून). ते इथं उगाळत नाही. सांगायचं आहे ते ऐंशीच्या दशकातल्या दोन वर्षांबद्दल. तेव्हा मी ड्यूटी सांभाळून, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, पंचवटीच्या पलीकडे मखमलाबादच्या वाटेवर असलेल्या एका वृद्धाश्रमात शिकवायला जायची. काय शिकवायला? तर माणूस मरत असताना त्याच्याजवळ कसं बसायचं ते.

आता याला मोठं नाव आहे, अभ्यासक्रम आहे, सर्टिफिकेट आहे. तेव्हा आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. दुखणं खरोखर थांबवणारी औषधं मोठ्या दवाखान्याच्या कपाटात, दोन कुलपांच्या आत असायची. आमच्या हातात कापूस, ग्लिसरीन, कोमट पाणी, उशा आणि साध्या गोळ्या. पण त्या आश्रमात नुकताच एक प्रकार घडला होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांना घरघर लागली, तशी आया आणि मामा लोक, म्हणजे वॉर्डबॉय, भिऊन खोलीचं दार ओढून घेऊन व्हरांड्यात बसून राहिले. व्यवस्थापक आले तोवर आत सगळं शांत झालं होतं. ते व्यवस्थापक सज्जन माणूस. माझ्याकडे येऊन म्हणाले, "सिस्टर, हे लोक वाईट नाहीत हो. फक्त यांना जवळ बसायला शिकवा." मला त्यांचं बोलणं पटलं आणि मी हो म्हणून बसले.

बायकांच्या दालनात नऊ खाटा, पुरुषांच्या दालनात अकरा. पाच आया, दोन मामा. सह्या करता येणाऱ्या त्यातल्या तिघी. पहिल्या दिवशी मी फळ्यावर आकृती काढली तर सगळ्या जांभया द्यायला लागल्या. मग मी चपला काढून सरळ खाटेवर आडवी झाले आणि म्हटलं, "मी पेशंट. मला वळवा." दोघीजणींनी माझे हात धरून असं काही ओढलं की माझा खांदा आठवडाभर दुखत होता. तिसरी आली ती हौसाबाई. तिनं माझा एक गुडघा वर घेतला, एक हात पाठीखाली सरकवला आणि भाकरी उलटावी इतक्या सहज मला कुशीवर केलं. "म्हस आजारी पडली की आसंच करत्यात," ती म्हणाली. मी पेशंट असल्यानं मला काही बोलता आलं नाही.

हौसाबाई दिंडोरीकडची. चाळिशीची, विधवा, दालनातल्या नऊही म्हाताऱ्या तिला टरकून असायच्या आणि ती रजेवर गेली की तिचीच वाट बघायच्या. घड्याळ तिला नीट कळत नसे. म्हणून दर दोन तासांचं वेळापत्रक मी रेडिओवर बसवलं. सकाळच्या बातम्यांना डावी कूस, बायकांच्या कार्यक्रमाला उजवी, दुपारच्या गाण्यांना पाठ, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला पुन्हा डावी. वीज गेली की तिची तारांबळ उडायची. पण त्या दोन वर्षांत बायकांच्या दालनात पाठीला एकही जखम झाली नाही. माझ्या दवाखान्यातल्या वॉर्डाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

एकच प्रसंग सांगते, म्हणजे ही बाई काय होती ते कळेल. एक निवृत्त बसड्रायव्हर अप्पा शेवटच्या अवस्थेत होते. शुद्ध जवळजवळ नव्हती, पण उजवा पाय सारखा दाबल्यासारखा खाली जायचा. मामा म्हणाला झटका आहे, धरून ठेवा. मलाही तसंच काहीतरी वाटलं. हौसाबाई थोडा वेळ बघत राहिली. मग त्यांच्या पायावर हात ठेवून कानाशी वाकून म्हणाली, "थांबली गाडी, अप्पा. उतरले समदे." पाय थांबला. मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. त्या दिवशी मला अभिमान वाटला आणि थोडा हेवाही वाटला.

तर अशा शिष्यिणीला मी मरणाच्या खुणा शिकवल्या.

हेतू चांगला होता. शेवट जवळ आला हे ओळखता आलं, तर माणसं घाबरून पळणार नाहीत, तोंडात बळंच पेज कोंबणार नाहीत, नातेवाइकांना वेळेवर निरोप जाईल. म्हणून मी सांगितलं: पाय गार पडत वर येतात. गुडघ्यावर जांभळट डाग दिसतात. नाकाला धार येते. श्वासात फट पडते, म्हणजे श्वास थांबतो, तुम्ही दहा मोजता, पंधरा मोजता, आणि तो परत सुरू होतो. घशात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून जीव जाईल. ओला कापूस ओठांवर फिरवायचा. हे शेवटचं त्यांना सगळ्यात अवघड गेलं, कारण नाशकात गंगा दाराशी असताना मरणाऱ्याच्या तोंडात तिचं पाणी घालायचं नाही म्हणजे काय? आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. शेवटी तडजोड झाली. कापूस गंगेच्या पाण्यात भिजवायचा. मला काय, पाणी उकळलेलं असलं म्हणजे झालं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. आमच्याकडे माणसाचा प्राण खाटेवर जाऊ देत नाहीत. शेवटची घटका आली की त्याला खाली घेतात. जमीन पुसून, घोंगडी अंथरून, तिच्यावर निजवतात. खाटेवर प्राण गेला तर गती मिळत नाही म्हणतात. घरोघरी हे ठरवायला कोणीतरी जुनंजाणतं असतं. ते नाडी बघतं, मान हलवतं आणि म्हणतं, "घ्या खाली." आश्रमात असं जाणतं कोणी नव्हतं. मी खुणा शिकवल्या, आणि त्या दिवसापासून ते जाणतं माणूस मी झाले. मी शिकवत होते जवळ बसायला. त्या शिकत होत्या खाली कधी घ्यायचं ते. हे मला कळलं तेव्हा माई जमिनीवर होत्या.

माई म्हणजे सातपूरच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्या पोरांना वर्षानुवर्षं जेवू घालणारी खानावळवाली. मूळ सिन्नरकडच्या. नवरा लवकर गेला, मूल नाही. हात चालेनासे झाले तेव्हा खानावळ मोडून आश्रमात आल्या. जीभ तिखट, मन उदार. पोटात गाठ होती. काही महिने काढतील, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि माईंना ते ठाऊक होतं. त्यात मधुमेह. साखरेची गोळी रोज सकाळी.

पौषातली गोष्ट. नाशकातली थंडी ज्यानं काढली आहे त्याला सांगायला नको. शुक्रवारी दुपारी मी आश्रमात शिरले तर बायकांच्या दालनात विचित्र शांतता. रेडिओ बंद. आठ म्हाताऱ्या आपापल्या खाटांवर भिंतीकडे सरकून बसलेल्या, आणि मधल्या फरशीवर घोंगडीवर माई. ओठांवर तुळशीचं पान, उशाशी गंगेच्या पाण्याचा गडू. हौसाबाई त्यांचा हात हातात धरून बसली होती. अगदी मी शिकवलं होतं तशी.

"काय झालं?"

"सकाळी बोलत हुत्या, सिस्टर. मग घाम फुटला. पाय बघा, गार. हाका मारल्या, वळखत नाय. मी समद्या खुणा बघितल्या," ती म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण आवाजात धडा पाठ म्हणणाऱ्या मुलीची उमेद होती. "मंग घेतलं खाली. हिला कोण हाय? आपणच नाय घेतलं तर कोण घेईल?"

मी माईंच्या कपाळाला हात लावला. दरदरून घाम. मरणाऱ्याचा घाम वेगळा असतो, हा तसा वाटेना. नाडी धावत होती. गुडघ्यावर डाग नव्हते.

"आज यांनी काय खाल्लं?"

"काय नाय. संकष्टी हाय ना. चंद्र उगवल्याबिगर नाय खात त्या."

"आणि गोळी?"

"गोळी दिली की. गोळी कंदी चुकवत नाय मी."

उपाशीपोटी साखरेची गोळी. साखर उतरली होती, दुसरं काही नाही. आणि साखर उतरली की माणूस मरणाला टेकल्यासारखा दिसतो, हे मी कोणाला शिकवलंच नव्हतं. माझ्याच पिशवीत ग्लुकोजचा पुडा होता. माईंना कुशीवर घेतलं आणि चिमूट चिमूट पूड गालाच्या आतून चोळत राहिले. घशात गेली तर ठसका लागेल, नाही गेली तर बाई जाईल. हौसाबाईनं पाणी ओतलं नव्हतं, कापूसच फिरवला होता, म्हणून निदान छाती मोकळी होती. माझ्या एका धड्यानं माईंना खाली आणलं होतं आणि दुसऱ्यानं जिवंत ठेवलं होतं.

दहा-पंधरा मिनिटांनी माईंनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं. मग बाजूला, खाटेच्या पायांकडे. मग हात फिरवून खालची घोंगडी चाचपली.

"मला खाली घेतलंय का?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "माई, चूक झाली. साखर उतरली होती. आत्ता वर घेऊ."

"वर?" माईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच भ्रमिष्ट आहे. "खाली घेतलेलं माणूस वर घेत्यात व्हय?"

मला वाटलं, घटकाभरात निवळेल. नाही निवळलं. मी हौसाबाईला उचलायला सांगितलं तर तिनं हात मागे घेतले. शेजारच्या खाटेवरच्या गोदूताई जुन्या नाशकातल्या, बारीक अंगाच्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या आहात, पण हे करू नका. खाली घेतलेलं माणूस वर आलं की त्या खाटेला दुसरं माणूस लागतं. आम्ही आठजणी आहोत इथं." बाकीच्या सात जणींनी आपापल्या खाटेची कड धरली.

पाच आयांपैकी वत्सला ही एकटी पुढे आली. ती नाशिकरोडकडच्या एका बौद्ध वस्तीतली, सातवी शिकलेली, हुशार मुलगी. "आमच्यात हे मानत नाहीत, सिस्टर. तुम्ही खांद्याला धरा, मी पायाला धरते." आम्ही वाकलो, तर माईंनीच दोन्ही हातांनी घोंगडी गच्च धरली. "नको गं पोरी," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी कोणाचं वाईट नको व्हायला. ऱ्हाऊ दे मला हितंच. आता किती दिस ऱ्हायल्यात?"

अडाण्यांची समजूत घालता येते, घाबरलेल्यांची घालता येते. पण जी बाई दुसऱ्यांच्या भल्यासाठी जमिनीवर पडून राहायला तयार आहे, तिला काय सांगायचं? मी व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, "जबरदस्ती नको. बाकीच्या बायका घरी पत्रं लिहितील." डॉक्टरांना निरोप धाडला. त्यांनी गोळी बंद केली आणि सांगितलं की जमिनीवर झोपायला हरकत काही नाही, फक्त जखमा सांभाळा. पुरुषमाणसाचा सल्ला. फरशी शहाबादी होती.

माईंनी घोंगडीखाली एक गोधडी घालू दिली, त्याहून जास्त नाही. आणि त्यांनी जेवण सोडलं. मी रोज जायला लागले, माझा वार असो नसो. गंगेवरचा पूल ओलांडताना रोज तीच धास्ती. आज पोचेन तेव्हा काय बघायला मिळेल? नाडी बघायची, पाठ तपासायची, टाचा, कंबर, माकडहाड. दोन घास खा म्हणून विनवायचं. माई म्हणायच्या, "खाली घेतलेल्याला जेवू घालता? लोक हसतील तुम्हाला." मरण लांबलं याची त्या बाईला लाज वाटत होती. शे-दीडशे पोरांना वेळेवर ताट वाढणारी बाई, तिला वाटत होतं आपल्यामुळं सगळे खोळंबलेत. मला विचारायच्या, "तू सांग ना, सिस्टर. तुला खुणा कळत्यात म्हणं. कधी?" मी पुन्हा त्यांची नाडी धरायची. घरी गेलं तरी तोंडात घास फिरायचा. मी आजवर पेशंट गमावले होते, पण कोणाला असं मधल्यामध्ये, धड इकडे ना तिकडे, अडकवून ठेवलं नव्हतं.

हौसाबाईचं तर बोलणंच बंद झालं होतं. काम चोख करायची, पण माझ्या नजरेला नजर द्यायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती फाटकातच माझी वाट बघत उभी होती.

"सिस्टर, खाटांत ढेकूण झालेत."

"कुठं? मला तर एकही दिसला नाही."

"झालेत म्हंते ना मी." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "नऊच्या नऊ खाटांत. समद्या भाईर काढाव्या लागतील. उकळतं पानी वतून उन्हात टाकाव्या लागतील. दोन दिस तरी लागतील."

मला समजायला क्षणभर लागला. मग मी म्हटलं, "फारच झालेत की हो. मला काल चावला एक." माझ्या आयुष्यात मी इतक्या मनापासून दुसरं खोटं बोललेले नाही.

दालनात हलकल्लोळ झाला. लाकडी, नवारीच्या त्या खाटा दोन्ही मामांनी आणि वत्सलानं अंगणात नेल्या. हौसाबाईनं न्हाणीतला बंब पेटवून बादल्यांनी पाणी ओतलं. ढेकूण असते तर मेले असते. नऊही म्हाताऱ्यांचे बिछाने फरशीवर, ओळीनं. गोदूताई गुडघे धरून खाली बसताना अख्ख्या आश्रमाला शिव्या घालत होत्या. त्यांचा बिछाना हौसाबाईनं नेमका माईंच्या शेजारी टाकला होता.

पहिला तास सगळ्या आपापल्या बिछान्याच्या कडा ओढत बसल्या. मग फरशीवर बसलेल्या बायका जे करतात ते सुरू झालं. कोणीतरी मटार सोलायला मागितले. कोणी जुन्या भांडणांवर आलं. गोदूताई म्हणाल्या, "माई, तुमच्या खानावळीत वरणाला फोडणी कशाची असायची हो? माझा भाचा अजून नाव काढतो." माई पडल्या पडल्या म्हणाल्या, "लसणाची. पण भाच्याला सांगू नका, बायकोला छळील." चार दिवसांत मरणाशिवाय दुसरं काही त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. मग त्यांनी रात्रपाळीहून येणाऱ्या, ताटावरच डुलक्या काढणाऱ्या पोरांची नक्कल केली. दुपारी सगळ्यांना खिचडी वाढली, तेव्हा माईंपुढेही ताटली ठेवली. त्या थोडं थांबल्या, इकडे तिकडे बघितलं, सगळ्याच खाली बसून जेवत होत्या. मग त्यांनी एक घास घेतला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाटा आत आल्या. हौसाबाईनं त्या मुद्दाम उलटसुलट लावल्या, कोणाची कुठली ते ब्रह्मदेवाला कळू नये अशा. मग एकेकीला वर चढवायला सुरुवात केली. आधी गोदूताई. त्या कुरकुरल्या, "हौसे, ही माझी खाट नव्हे." हौसाबाई म्हणाली, "समद्या सारख्याच हायेत. चढा गुमान." मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या माई. हौसाबाईनं एक गुडघा वर घेतला, हात पाठीखाली सरकवला, आणि कोणाला काही कळायच्या आत माई खाटेवर होत्या. लगेच पाचवीकडे वळली. गोदूताईंनी सगळं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "रेडिओ लावा कोणीतरी."

मला वाटलं, जिंकलो. तीन-चार दिवस माई जेवल्या, आयांना फोडण्या शिकवल्या, माझ्या साडीला नावं ठेवली. मग खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग छातीत वाजणारा. ताप आला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ताप उतरला, परत चढला. पोटातल्या गाठीनं अंगात काही ठेवलंच नव्हतं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, हे त्या फरशीमुळं का? ते म्हणाले, "असेल, नसेलही. असा पेशंट कशानंही जातो." त्यांनी ते मला धीर द्यायला सांगितलं असावं. मला धीर आला नाही, अजूनही येत नाही.

बुधवारची दुपार होती. यावेळी खुणा खऱ्या होत्या. पाय गुडघ्यापर्यंत गार, गुडघ्यांवर जांभळं जाळं, श्वासात फट. मी पंधरा मोजले, श्वास आला. शुद्ध मात्र होती, विझत विझत. खाटेभोवती सगळ्या आया जमल्या. गोदूताईंनी जपमाळ हातात घेतली होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. हौसाबाई घडी केलेली घोंगडी छातीशी धरून उभी होती. ती खाली अंथरायचं धाडस तिला होत नव्हतं आणि बाजूला ठेवायचंही होत नव्हतं.

"सिस्टर," ती पुटपुटली, "खाली घ्यायचं का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. घ्या म्हणावं तर पुन्हा तीच फरशी. नको म्हणावं, आणि खाटेवरच प्राण गेला, तर हौसाबाई जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. मी खुणा शिकवणारी बाई. मला काहीच ठरवता येईना, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी वाकले आणि माईंनाच विचारलं. आमच्याकडे मरणाऱ्या माणसाला असं विचारत नाहीत. गोदूताईंनी "अगंबाई" केलेलं मला ऐकू आलं.

"माई, खाली घेऊ का तुम्हाला?"

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला, हौसाबाईनंही नेला.

"नको गं," माई म्हणाल्या. "खाली लय गार लागतं."

हौसाबाई तशीच वाकलेली राहिली. मग तिनं हातातली घोंगडी उलगडली, माईंच्या पायांवर घातली, आणि कडा नीट आत खोचल्या. पाचच्या सुमारास माई गेल्या, खाटेवरच. त्यांचा एक हात हौसाबाईच्या हातात होता, दुसरा माझ्या.

पुढेही मी शिकवत राहिले. मरणाच्या खुणांआधी साखर उतरल्याच्या खुणा सांगायला लागले. माणसाला विचारा, असंही सांगायला लागले. त्याबद्दल लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मला ती फरशी आठवते. चार दिवस मी रोज तिच्यावर माईंच्या शेजारी बसत होते. नाडी बघितली, पाठ बघितली, टाचा बघितल्या, श्वास मोजले. गार लागतंय का, हे एकदाही विचारलं नाही. मी स्वेटर घालून बसले होते.